अक्काच्या परसाचे अकरा बेत: एका बागेचं प्रकरण

डिसेंबर २०२३ ते मे २०२४, एवढ्या काळात माझ्या अक्कानं घरामागच्या दहा बाय बावीस फुटाच्या जागेचा बेत अकरा वेळा बदलला. अकरा हा आकडा अंदाजानं सांगत नाही, वहीत लिहिलेला आहे, वही कशी आली ते पुढं सांगतो. अक्काला आणि दाजींना विचारूनच हे लिहितोय, नावं टाकणार नाही, पण बाकी जसं झालं तसं सगळं लिहितो कारण घर बांधताना किंवा बाग करताना आपलं ठरतच नाही म्हणून रात्र रात्र जागणारी लय माणसं मला माहितीयत आणि त्यांना सगळे एकच सांगतात, "एकदा ठरव आणि मोकळी हो". मीपण अक्काला तेच सांगत होतो. ते चुकीचं होतं.

आधी घर समजून घ्या, कारण सगळं प्रकरण घराच्या दिशेवर आहे. जुळे सोलापुरात दीड हजार स्क्वेअर फुटाचा प्लॉट, घर २०११ चं, एकमजली, वर पॅरापेट, जमिनीपासून पॅरापेटच्या टोकापर्यंत बरोबर तेरा फूट. रस्ता दक्षिणेला, म्हणजे पोर्च दक्षिणेला आणि परस उत्तरेला. परसाच्या पश्चिमेला मोकळा प्लॉट, अजून कुणी बांधलेलं नाही. माती काळी, खाली पाच-सहा फुटावर मुरूम. चार हजार लिटरचा हौद आणि वर हजाराची टाकी. नळाला पाणी त्यावेळी पाच-सहा दिवसांनी यायचं. घरात पाच माणसं: अक्का, दाजी, दोन पोरं आणि दाजींची आई, वय ७४. मी त्यांना मावशी म्हणतो, अक्का आत्या म्हणते. मावशींचं निम्मं आयुष्य शहरातल्या जुन्या पेठेत गेलंय, तिथं दारातच कट्टा होता, कट्ट्यावर बसून धान्य निवडायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं, हे लक्षात ठेवा.

सुरुवात हुरड्यापासून झाली. डिसेंबरात मोहोळकडं एका मळ्यात हुरड्याला गेलो होतो सगळे, तिथं चिंचेखाली खाट टाकलेली, मावशी तिच्यावर दोन तास बसल्या, शेंगाची चटणी आणि हुरडा खाल्ला, आणि जाताना म्हणाल्या, "झाडाखाली किती गार वाटतंय बघ." बास. दाजींनी तिथंच ठरवलं की आईसाठी मागं बाग करायची, पाडव्याच्या आत. दाजी मनानं लय मोठा माणूस आहे, वडील गेल्यावर आई दुपारभर आत टीव्हीपुढं बसून असती हे त्यांना खुपत होतं, त्यामुळं हा बेत त्यांच्यासाठी नुसती बाग नव्हती.

नाताळच्या सुट्टीत मी, दाजी आणि मोठा भाचा टेप घेऊन मागं उतरलो. दुपारी साडेबाराला घराची सावली मोजली, अकरा फूट चार इंच. जागाच दहा फूट रुंद, म्हणजे सगळं परस सावलीत आणि सावली वर कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली. सकाळी बघितलं तेव्हा सावली, चारला बघितलं तेव्हापण सावली. दाजी खूश. उन्हाचा प्रश्नच नाही, लॉन करू, कडेनं कुंड्या, मधी लोखंडी झोपाळा. एका लॉनवाल्याला बोलावलं, त्यानं बारमाही हिरवं राहतं म्हणून सांगितलं आणि पाच हजार ॲडव्हान्स घेऊन गेला.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची जत्रा, झाली आणि अक्काचं सुरू झालं.

पहिला बदल पाण्यावरनं. तिनं एका रात्री मला फोन केला, "लॉनला पाणी किती लागतंय रे?" मी हिशेबाचं काम करतो, टॉवेलच्या कारखान्यात, त्यामुळं आकडे काढायची सवय आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, एवढं कळलं की बाकी सोपं असतं. लॉन दीडशे स्क्वेअर फूट, म्हणजे चौदा चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर जरी धरलं तरी दिवसाला चौऱ्याऐंशी लिटर, आपल्याकडच्या मे महिन्याला हे कमीच आहे. पाच दिवसाच्या पाळीला सव्वाचारशे लिटर झालं. घराला पाच माणसांचं धुणं-भांडी-अंघोळी धरून दिवसाला पाचशे लागतं. हौद आणि टाकी मिळून पाच हजार, पाळी पाच-सहा दिवसाची असली तर भागतंय, पण एक पाळी चुकली की लॉन आणि माणूस यातलं एक निवडावं लागणार. आणि आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला, उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यावर गेलेलं, पेपरात रोज तेच. अक्का म्हणाली लॉन नको, पेव्हर बसवू.

मग पेव्हर. मग अर्धं लॉन अर्धं पेव्हर, कारण तिनं मोबाईलवर कुणाचातरी व्हिडिओ बघितला. मग दाजींचे एक मित्र म्हणाले कडुनिंब लाव, सोलापुरात उन्हाळ्यात दुसरं काय टिकतंय, आणि बोलणं खोटं नव्हतं, मार्च-एप्रिलमध्ये बाकी झाडं उघडी पडलेली असतात तेव्हा कडुनिंबाला नवी पालवी आलेली असती. तर कडुनिंब ठरला, खड्डा कुठं घ्यायचा ते दाखवायला मिस्त्रींना बोलावलं आणि मिस्त्री खड्डा बघायच्या आधी स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. तिथं खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी चीर गेलेली होती, दोन-तीन वर्षांपासून आहे, आम्ही पुट्टी भरायचो. ते म्हणाले, ही काळी माती आहे, पाणी प्याली की फुगती आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, सगळीकडनं सारखी फुगली-आकसली तर घराला एवढा त्रास होत नाही, पण तुम्ही मागच्या बाजूला रोज पाणी मारणार आणि पुढची बाजू कोरडी राहणार, म्हणजे एका अंगानं माती वर उचलणार. आणि भिंतीजवळ मोठं झाड लावलं तर उलटं, मुळं तिथलं पाणी ओढून घेणार आणि तेवढीच माती जास्त आकसणार. भिंतीला लागून तीन फूट फरशी घ्या, उतार बाहेर काढा, झाड लांब आणि लहान लावा. झालं, कडुनिंब गेला. तसंही एकदा मोठा झालेला कडुनिंब नकोसा झाला म्हणून आपल्या मनानं तोडता येत नाही, शहरात १९७५ च्या कायद्यानं महापालिकेची परवानगी लागते, म्हणजे ही चूक मागं घ्यायला अवघड.

मग पारिजातक, मग सीताफळ. सीताफळाला पाणी कमी लागतं म्हणून, पण ते उन्हाळ्यात पानं टाकून देतं, ज्या महिन्यात सावली पाहिजे त्याच महिन्यात काड्या उभ्या. मग शेजारच्या काकूंनी शेडनेट केलंय ते बघून शेडनेट, मग दीर म्हणाले पत्रा टाका, मग प्लास्टिकचं गवत. प्रत्येक वेळी दाजी कोटेशन आणायचे, अक्का दोन दिवस हो म्हणायची, तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणायची, "अहो, मला नाही वाटत बरोबर होईल." फेब्रुवारी गेला, मार्च गेला. लॉनवाल्याकडनं पाचातले तीन हजार परत मिळाले, दोन गेले.

पाडव्याला, म्हणजे ९ एप्रिलला, सगळे त्यांच्याकडं जेवायला होतो. पुरणपोळी झाली, आणि दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला करायचंच नाहीये बहुतेक." ओरडून नाही, हळूच म्हणाले, म्हणून जास्त लागलं. अक्का काही बोलली नाही, ताटं उचलून आत गेली. मावशी समोरच बसलेल्या. त्याही काही बोलल्या नाहीत.

मी आत गेलो आणि अक्काला म्हणालो, "अक्का, एकदा ठरव आणि बदलू नको, काहीही केलं तरी चांगलंच होणारे." ती भांडी घासत होती, म्हणाली, "तुला वाटतंय मी मुद्दाम करायला लागलेय? मला रात्री झोप लागत नाही रे. डोळे मिटले की ती मागची जागा दिसती." माझी अक्का अशी नाही. सोलापूर सोडून पुण्याला नोकरी घ्यायची नाही हे तिनं एका संध्याकाळी ठरवलंय, मुलीला कॉमर्स की सायन्स हे ठरवताना तिनं कुणाला विचारलं नाही. म्हणजे हिला ठरवता येत नाही असं म्हणणं मलाच पटेना. मग या जागेतच काहीतरी असलं पाहिजे.

पाडव्यानंतरच्या रविवारी मी कोरी वही घेऊन गेलो. कारखान्यात माल परत आला की आम्ही रजिस्टरला लिहितो, कधी आला, कुणी पाठवला, कारण काय, आणि वर्षाच्या शेवटी ते रजिस्टर वाचलं की एकेक गोष्ट दिसायला लागती जी एकेक पार्सल बघताना दिसत नाही. तसंच करू म्हणालो. तीन रकाने: काय बदललं, कशामुळं बदललं, आणि त्यावेळी मनात नेमकं काय खटकलं. तिसरा रकाना अक्कानं स्वतः सांगायचा आणि मी तिच्याच शब्दात लिहायचा, सुधारायचं नाही. मोबाईलवरचे मेसेज, कोटेशनचे फोटो यांच्या तारखा बघून दहा बदल सापडले. अकरावा तेव्हा व्हायचा होता.

दुसरा रकाना आधी वाचला. दहापैकी तीनच बदल असे होते की ज्यांच्या आधी काहीतरी खरोखर नवीन कळलं होतं: पाण्याचा हिशेब, मिस्त्रींनी दाखवलेली चीर, आणि सीताफळाची पानगळ. उरलेले सात कुणीतरी काहीतरी बोललं किंवा तिनं काहीतरी बघितलं म्हणून झालेले. इथपर्यंत मला वाटलं की झालं, सापडलं, सात ठिकाणी लोकांचं ऐकलं एवढीच गोष्ट आहे, आणि मी तसं बोलणारही होतो.

पण तिसरा रकाना मोठ्यानं वाचायला लागलो आणि चौथ्या ओळीला थांबलो. लॉन: "ओलं राहील, आत्याचा पाय घसरेल." पेव्हर: "उन्हात तापतंय, आत्या अनवाणी फिरतात." कडुनिंब: "निंबोळ्या पडल्या की आत्या घसरतील." शेडनेट: "खाली गुदमरल्यासारखं होईल आत्यांना." पत्रा: "पावसात आवाज, आत्याला झोप लागणार नाही." प्लास्टिकचं गवत: "आत्या त्यावर पाय ठेवणार नाहीत." दहाच्या दहा ओळीत आत्या. फरशी बदलली, झाड बदललं, छप्पर बदललं, आत्या तेवढ्या हलल्या नाहीत.

मी वही तिच्याकडं फिरवली. तिनं वाचलं, परत वाचलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांना तिथं बसायचंय का हे कुणी विचारलंच नाही."

मग तू का नाही विचारलंस, हे मी विचारलं नाही कारण उत्तर मला माहिती होतं, कुठल्याही सुनेला माहिती असतं. मुलगा कौतुकानं आईसाठी बाग करतोय, आणि सुनेनं विचारायचं की आत्या तुम्हाला नक्की पाहिजे का? ते कानाला कसं लागलं असतं? पैसे वाचवायला बघती, किंवा आत्याला मागं बसू द्यायचं नाही हिला. तो प्रश्न घरात बोलता येत नव्हता म्हणून तो फरशीच्या रूपात बाहेर यायला लागला, झाडाच्या रूपात बाहेर यायला लागला. फरशीवर शंका घेतलेली चालती, कुणाचं मन दुखत नाही. आणि फरशीचं उत्तर मिळालं तरी खरी शंका तिथंच असायची, म्हणून तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती परत उठायची. मला वाटतं, तिची अस्वस्थता खरी होती, नुसती चुकीच्या नावानं बोलत होती.

त्याच दुपारी दुसरी गोष्ट झाली. साडेबाराला आम्ही मागं गेलो तर सावली दोन फुटापेक्षा कमी. डिसेंबरात अकरा फूट आणि १४ एप्रिलला दोन फूटसुद्धा नाही. दाजींना बोलावलं, त्यांनी टेप स्वतः धरला. मला हे आधीच सुचायला पाहिजे होतं. सोलापूर साडेसतराच्या जरा वरच्या अक्षांशावर आहे, डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असतो म्हणून उत्तरेच्या परसात दिवसभर सावली, पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो, पेपरात शून्य सावलीचा दिवस म्हणून येतं ते हेच, आणि तिथनं ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो आपल्या उत्तरेकडनं जातो. म्हणजे ऐन मेमध्ये उत्तरेच्या परसात सकाळी ऊन, दुपारी ऊन, आणि संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवरनं तिरकं ऊन. आपण हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसात, सगळ्यात थंड जागा म्हणून जी जागा निवडली ती उन्हाळ्यातली सगळ्यात वाईट जागा होती. दिशा सगळ्यांना माहिती असती, उत्तरेला सावली, असं लहानपणापासून ऐकतो, पण ते आपल्याकडं वर्षभर खरं नाही.

मी "बदलू नको" म्हणालो होतो. अक्कानं ऐकलं असतं तर पाडव्याला लॉन झालं असतं आणि मे महिन्यात त्या लॉनवर चौऱ्याऐंशी लिटर ओतूनही ते जळालं असतं, आणि स्वयंपाकघराची चीर वाढली असती ती वेगळी.

आता दाजींना सांगायचं कसं हा प्रश्न होता. अक्का म्हणाली, सांगायचं नको, करून बघू. मेच्या दुसऱ्या आठवड्यात चार बांबू आणले, जुन्या दोन सोलापुरी चादरी होत्या कपाटात, धुवून धुवून मऊ झालेल्या पण वीण अजून घट्ट, त्या बांबूला ताणून बांधल्या आणि खाली खाट टाकली. खर्च बांबूचे चारशे रुपये. आठ दिवस असंच ठेवायचं आणि मावशींना तिथं बसायला सांगायचं, आवडलं तर पुढं पक्कं करू, असं दाजींनाही पटलं कारण यात कुणाचा बेत खोटा ठरत नव्हता.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला मावशी आल्या, बसल्या. चादरीखाली सावली होती पण पश्चिमेकडनं ऊन तिरकं खाटेवर येत होतं. दहा मिनिटांनी उठल्या, पाणी प्यायला म्हणून आत गेल्या, आणि परत आल्या नाहीत. अक्कानं बघितलं तर पुढं पोर्चमध्ये, दाराच्या पायरीवर बसल्या होत्या, भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरनं बोलत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दाजी कामावरनं लवकर आलेले, त्यांनी स्वतः बघितलं, आणि आईच्या शेजारी पायरीवर बसून विचारलं, "आई, मागं बसवत नाही का?"

मावशी म्हणाल्या, "मागं काय बघू रे, भिंत? हितं निदान माणसं जात्यात."

मग हुरड्याच्या दिवशी कशाला म्हणालात झाडाखाली गार वाटतंय? "गार वाटत होतं म्हणून म्हणाले," एवढंच उत्तर. त्या मळ्यात झाड होतं तसा भोवती माणसांचा गोतावळापण होता, पोरं पळत होती, शेकोटीजवळ कणसं भाजत होती. आम्ही त्यातलं झाड तेवढं उचललं.

दाजी त्या रात्री जेवताना काहीच बोलले नाहीत. मला त्यांचं वाईट वाटलं, अजून वाटतं, कारण पाच महिने त्यांनी पळापळ केली होती आणि आईसाठी म्हणूनच केली होती. सकाळी मात्र त्यांचाच फोन आला, "पोर्चमध्ये कट्टा करू. उंची किती ठेवायची?" आणि कुणाला विचारत बसण्यापेक्षा त्यांनी मावशींना खुर्चीवर बसवलं, पाय जमिनीला सपाट टेकवायला लावले आणि गुडघ्यामागनं खाली मोजलं. सतरा इंच. कट्टा सतरा इंचाचा झाला.

पोर्च दक्षिणेला, म्हणजे मे-जूनमध्ये सूर्य घराच्या मागनं जातो आणि भिंतीला टेकून बसलं तर ऊन येतच नाही, फक्त चारनंतर पश्चिमेच्या अंगानं येतं, तिथं बांबूची चटई सोडली, दोरीनं वरखाली होती. वर शहाबादी, कडा गोल घासून घेतली. एक माणूस आडवा होईल एवढी रुंदी ठेवली, दुपारी पोरगं तिथंच झोपतंय. शेजारी दोन मोठ्या कुंड्यांत मोगरा आणि जास्वंद, भांडी विसळलेलं शेवटचं पाणी त्यालाच. सगळं मिळून साडेचौदा हजार. लॉन आणि झोपाळ्याचं पहिलं कोटेशन बेचाळीस हजाराचं होतं.

आणि परस? तिथला अकरावा बेत सगळ्यात साधा. भिंतीला लागून तीन फूट शहाबादी, उतार बाहेर, मिस्त्रींनी सांगितलं तसं. कपडे वाळत घालायच्या तारा, धुण्याचा दगड, वाळवण घालायला जागा. कढीपत्ता एक. वायव्येच्या कोपऱ्यात, भिंतीपासून साडेआठ फुटावर एक कागदी लिंबू, छाटत राहिलं तर दहा फुटाच्या आत ठेवता येतं आणि उन्हाळ्यात संध्याकाळचं तिरकं ऊन तेवढंच अडवेल. गच्चीचं पावसाचं पाणी पूर्वी पाइपानं सरळ परसात, म्हणजे पायाशीच पडत होतं, ते फिरवून जाळी लावून हौदात घेतलं. हे एक काम असं आहे की ज्याच्यावर अक्कानं एकदाही परत विचार केला नाही. सातशे स्क्वेअर फुटाची गच्ची, म्हणजे पासष्ट चौरस मीटर, सालाला पाचशे मिलिमीटर पाऊस जरी धरला आणि पाचवा भाग वाया गेला म्हटलं तरी सव्वीस हजार लिटर होतं, सगळं साठवता येत नाही, पण प्रत्येक चांगल्या पावसाला हौदात भर पडती.

अक्काची झोप कधी परत आली ते तिनं मला सांगितलं. कट्टा पूर्ण झाला तेव्हा नाही, पायरीवर ते बोलणं झालं त्याच रात्री. पुढं कट्ट्याची शहाबादी पॉलिशची घ्यायची की साधी, कुंड्या सिमेंटच्या की मातीच्या, यात तिनं पाच-पाच मिनिटं घेतली आणि परत वळून बघितलं नाही. तीच बाई, तोच महिना.

एक गोष्ट मी स्वतःसाठी अजून ठरवलेली नाही. वही आम्ही जानेवारीतच केली असती तर तिसऱ्या-चौथ्या बदलालाच दिसलं असतं असं मला वाटतं. पण अक्का म्हणते नसतं दिसलं, चार ओळीत चार वेळा आत्या आल्या असत्या तर मी म्हणाले असते योगायोग आहे, दहा ओळी झाल्या म्हणून मला तोंड फिरवता आलं नाही. तिचं बरोबर असेल. आणि पाडव्याला दाजी जे बोलले, "तुला करायचंच नाहीये", ते लागलं सगळ्यांना पण त्यात निम्मं खरं होतं, तिला ते तिथं करायचं नव्हतं. निम्म्या खऱ्या बोलण्यानंच वही आली.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये उजनी भरलं, पाऊस बरा झाला, कट्ट्यावर आता शेजारच्या दोन आज्या पण येतात. डिसेंबर आला तसं पोर्चमध्ये खालच्या दक्षिणेकडनं ऊन आत यायला लागलं, थेट कट्ट्यापर्यंत, मावशी पाठ उन्हाला देऊन तुरीच्या शेंगा सोलत बसतात. हे आम्ही ठरवून केलेलं नाही, दक्षिणेचा पोर्च असला की हिवाळ्यात होतंच ते.

मागच्या आठवड्यात दाजींचा फोन, "लिंबाला ऊन कमी पडतंय का रे?" मी गेलो. खरंच, ते परस डिसेंबरात दिवसभर सावलीत, साडेचारनंतर बाजूच्या बोळातनं जरा ऊन येतं तेवढंच, आणि रोप अडीच फुटाचं, पानं फिक्कट. अक्कानं वही काढली. काय बदललं हा रकाना तिनं रिकामा सोडला. कशामुळं, तिथं तिनं लिहिलं: "सावली मोजली. भिंतीपासून साडेआठ फुटावर दुपारी सावलीची उंची सव्वातीन फूट." काय खटकतंय, तिथं लिहिलं: "लिंबू." मग आम्ही तिघंजण मागं उभे राहून बघत होतो, दाजी म्हणाले काढून पुढं लावू का, आणि अक्का म्हणाली, "नको. अजून फूटभर वाढलं की शेंड्याला ऊन लागतंय."

आतून मावशींनी हाक मारली, शेंगा सोलून झाल्या होत्या.